माझं डावं, तुमचं उजवं

मी एक जुनी कॅसेट आहे आणि माझ्यात एक मोठी चूक आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर तुम्ही मला गाडीत लावाल, मी म्हणेन, "डावीकडे तळं आहे," तुम्ही मान दुखेपर्यंत डावीकडे बघत बसाल आणि तळे बिचारे तुमच्या उजव्या खिडकीबाहेर चमकत असेल. मग तुम्ही मला नावे ठेवाल. आजवर पुष्कळांनी ठेवली आहेत. मला त्याचे आता काही वाटत नाही. या चुकीने मला जे दिले, त्याबद्दल मी तिचे आभारच मानते.

तुमच्यापैकी काहींनी कॅसेट पाहिलीसुद्धा नसेल. तळहातावर मावेल एवढी प्लॅस्टिकची चपटी डबी, मध्ये दोन भोके आणि पोटात तपकिरी फितीचे वेटोळे. त्या फितीवर आवाज साठवलेला असतो. मला दोन बाजू आहेत. एक बाजू संपली, की मला काढून उलटी घालायची, मग दुसरी वाजते. माझ्या बहुतेक बहिणी गाणी म्हणत. मला सुराचा गंध नाही. माझे काम रस्ता दाखवण्याचे.

एका मोठ्या जंगलातून एक गोल रस्ता जात होता. फाटकातून आत शिरायचे, तळे, डोंगर, कुरणे, उंच झाडे बघत हिंडायचे आणि फिरून त्याच फाटकाशी यायचे. मध्ये एकही फाटा नाही, त्यामुळे वाट चुकायची सोयच नव्हती. फाटकाशी तिकिटांची खिडकी होती. लोक तिकीट काढत, सोबत एक कॅसेट घेत, ती गाडीतल्या टेपमध्ये सरकवत आणि तिचे ऐकत ऐकत गाडी हाकत. परत आल्यावर कॅसेट खिडकीत जमा करत. वाटाड्या नको, गर्दी नको, घाई नको. गाडी त्यांची, वेळ त्यांचा आणि बडबड माझी.

माझ्यातला आवाज त्या तिकीट खिडकीतल्या ताईंचा. ताई बरीच वर्षे तिथे तिकिटे फाडत होत्या. त्यांचा आवाज असा खणखणीत, की "सुट्टे काढून ठेवा" म्हटले तर रांगेतला शेवटचा माणूसही खिसे चाचपू लागे. जंगलाच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "बाहेरून कशाला कुणी आणायचं? ताईच बोलतील." तिकिटाशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी कुणी आपल्याला विचारले, याचा ताईंना फार आनंद झाला. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या. जणू काही आवाजाबरोबर त्यांचा फोटोही निघणार होता.

माझा जन्म जीपमध्ये झाला. ताई आधी ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. पण पुढे इंजिनाची घरघर इतकी, की रेकॉर्डिंगवाला वैतागला. कानांवरचे हेडफोन काढून तो म्हणाला, "ताई, तुम्ही मागे बसा बघू. आणि ड्रायव्हरकडे पाठ करा, म्हणजे माइकमध्ये इंजिन येणार नाही." ताई मागे गेल्या आणि पाठमोऱ्या बसल्या. आता त्यांना प्रत्येक गोष्ट मागे पडल्यावरच दिसायची. म्हणून ड्रायव्हर पुढून ओरडायचा, "आलं!" की ताई बोलायला लागायच्या. त्याची ती आरोळी दर वेळी माझ्यात उमटली आहे. रेकॉर्डिंगवाल्याने ती पुसली नाही. तो म्हणाला, "राहू द्या, जिवंत वाटतं."

धबधब्यापाशी जीप थांबली. ताई म्हणाल्या, "आता इंजिन बंद करा. उजवीकडे धबधबा आहे. मी गप्प बसते, तुम्ही बघा आणि ऐका." तिथे फीत थोडा वेळ कोरी सोडलेली आहे. खरे पाणी समोर असताना टेपमधले पाणी कशाला, असे ताईंचे म्हणणे. माझ्या अख्ख्या पोटात मला ती कोरी जागा सगळ्यात आवडते.

माझ्यावरून भराभर पुष्कळ बहिणी तयार झाल्या. प्रत्येकीवर नंबर चिकटवला. जिच्यावर ताईंचा आवाज थेट उतरला ती मी, पण माझा नंबर सात. कुणी ओळीने लावलेच नव्हते. आम्ही सगळ्या खिडकीमागच्या फळीवर ऐटीत उभ्या राहिलो. पहिले गिऱ्हाईक आले एक शाळामास्तर. ते जंगल हिंडून परत आले आणि ताईंना म्हणाले, "बाई, तळ्याने जागा बदलली का हो?"

ताईंना काही कळेना. साहेब स्वतः मला जीपमध्ये लावून एक फेरी मारून आले आणि कपाळाला हात लावून बसले. "ताई, तुम्हाला डावं-उजवं कळत नाही का?" तेव्हा ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांचा डावा हात होता, तिकडे गाडीची उजवी बाजू होती. ड्रायव्हर म्हणाला, "मला वाटलं, त्या हिशेब करूनच बोलतायत." रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "मी डोळे मिटून ऐकत होतो. पण आवाज फर्स्ट क्लास आलाय की नाही, ते सांगा!"

आवाज फर्स्ट क्लास होता, यात शंका नाही. पण सगळ्या कॅसेटी तयार झालेल्या. नवे रेकॉर्डिंग जमेल तेव्हा करू, असे साहेब म्हणाले. तोवर ताईंनी प्रत्येक गाडीला तोंडी सांगायचे ठरले. त्या दिवसापासून तिकिटाबरोबर ताईंचे एक वाक्य फुकट मिळू लागले. "माझं डावं ते तुमचं उजवं, आणि माझं उजवं ते तुमचं डावं." लोक हसत. कुणी विचारी, "ताई, संध्याकाळी घर तरी सापडतं ना?" ताईही हसत. पण खिडकी बंद करताना त्या फळीवर आमच्याकडे अशा बघत, जसे आईने नापास झालेल्या मुलांकडे बघावे. मला फार वाईट वाटे.

तरी ती वर्षे सुखाची होती. मी किती गाड्यांमधून हिंडले! मागच्या सीटवरची मुले ड्रायव्हरबरोबर "आलं!" म्हणून ओरडत. भांडत आलेली माणसे माझ्या चुकीवर हसता हसता भांडण विसरत. एकदा एका गाडीच्या टेपने माझी फीत चावली आणि तिचा पार गुंता झाला. टाकून द्या, असे सगळे म्हणत असताना ताईंनी फीत बोटांनी सोडवली, माझ्या भोकात पेन्सिल घातली आणि गरगर फिरवून मला पूर्ववत केले. त्या पेन्सिलीचेही माझ्यावर उपकार आहेत.

मग एका रविवारी एक लहानशी गाडी गचके खात फाटकाशी आली. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा खिडकीपुढे थांबली. गाडी चालवत होत्या केस पिकलेल्या एक काकू. स्टिअरिंग त्यांनी असे धरले होते, की सोडले तर ते पळून जाईल. शेजारी काका बसले होते, गुडघ्यांमध्ये काठी धरून. काकू उतरून खिडकीशी आल्या. ताईंनी मला फळीवरून काढले आणि आपले ठरलेले वाक्य म्हटले.

"मग आमची पंचाईतच आहे," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना डावं नाहीच."

ताईंना कळले नाही. काकूंनी गाडीकडे एकदा बघून हळू आवाजात सगळे सांगितले. काकांनी सगळा जन्म बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणे तर कधी थांबलेच नव्हते. पण त्यांच्या जगातून डावी बाजूच पुसली गेली. डोळे चांगले होते, तरी मेंदू डावीकडची दखल घ्यायला विसरला होता. ताटातले उजवीकडचे तेवढे जेवत आणि म्हणत, कमी वाढलेस. काकूंनी गुपचूप ताट फिरवले, की मग ते उरलेले जेवत. दाढी अर्धीच करत आणि आरशासमोरून खुशाल उठत.

"डॉक्टर म्हणाले, स्वतःहून डावीकडे वळायला लागल्याशिवाय एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. ज्या माणसाचा जन्म रस्त्यावर गेला, तो घरात कोंडून बसलाय हो. दिवसभर मी म्हणते, डावीकडे बघा, डावीकडे बघा. आता तो शब्द ऐकला, की ते हट्टाने उजवीकडे तोंड करतात. म्हणून गाडी शिकले. म्हटलं, निदान जंगल दाखवू."

ताईंनी मला काकूंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "सावकाश जा. मागून कुणी हॉर्न वाजवला, तर वाजवू द्या."

त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा जवळून पाहिले. ते डावीकडच्या सीटवर बसले होते, म्हणजे त्यांच्या डाव्या खांद्याला लागून त्यांची स्वतःची खिडकी होती. आणि स्वतःच्याच खिडकीतून ते बाहेर बघत नव्हते! ते काकूंच्या बाजूने, उजवीकडे बघत. मी "डावीकडे तळं" म्हणाले. तळे होते उजवीकडे, ते त्यांना आपोआप दिसले. ते खूश झाले. पुढे फितीतला ड्रायव्हर "आलं!" म्हणून ओरडला आणि मी म्हणाले, "उजवीकडे जुना टेहळणीचा मनोरा बघा." काका उजवीकडे बघू लागले. तिकडे नुसते गवत.

"कुठाय मनोरा?"

"अहो, डावीकडे," काकू बोलून गेल्या.

"झालं तुझं सुरू!" काकांनी काठी आपटली. पुढचा सगळा रस्ता ते डोळे मिटून बसले.

परत आल्यावर काकूंनी मला खिडकीत ठेवले, पण हात माझ्यावरून काढला नाही. त्या विचारात पडल्या होत्या. मग म्हणाल्या, "ताई, मी डावीकडे म्हटलं, की ते चिडतात. तुमची कॅसेट त्यांना उजवीकडे म्हणते आणि वस्तू असते डावीकडे. उजवीकडे मिळाली नाही, तर हा माणूस शोधल्याशिवाय राहायचा नाही. बसवाला आहे तो. स्टॉप सांगितला, की स्टॉप दिसलाच पाहिजे. पुढच्या रविवारी मी तोंडच उघडणार नाही. मला हीच कॅसेट द्या."

आणि त्या दर रविवारी येऊ लागल्या. ताई मला दुसऱ्या कुणालाच देत नसत. सात नंबर राखून ठेवलाय म्हणून सांगत. काकू गाडी चालवत आणि ओठ घट्ट मिटून घेत. मी "उजवीकडे मनोरा", "उजवीकडे घुबडांचं झाड", "उजवीकडे हरणांचं कुरण" सांगत जाई आणि काका प्रत्येक वेळी चिडून शोधत. पण त्यांची मान वळत वळत समोरच्या काचेच्या मध्यापर्यंत यायची आणि थांबायची. तिथे त्यांचे जग संपत होते. मग म्हणायचे, "ही बाई थापा मारते." काकू फाटकाशी येऊन मला परत करताना ताईंकडे बघून नुसती मान हलवत. नाही म्हणून.

असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. एक दिवस साहेबांनी नव्या कॅसेटींचे खोके खिडकीत आणून ठेवले. नवे रेकॉर्डिंग, ओळखीचा निवेदक, डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. "सोमवारपासून ह्या द्यायच्या. जुन्या सगळ्या कचऱ्यात," साहेब म्हणाले. ताईंची त्या वाक्यातून कायमची सुटका होणार होती. पण त्या खूश दिसल्या नाहीत. रविवारी काकू आल्या तेव्हा ताईंनी त्यांना ते सांगितले. काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे आजची शेवटची फेरी," एवढेच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव तोडून बोलले. पण मी कॅसेट. जीव तोडला तरी बोलणार तेच, जे फितीवर आहे. मनोरा गेला. घुबडांचे झाड गेले. कुरण गेले. काकांनी तीनही वेळा काचेच्या मध्यापर्यंत मान वळवली आणि तीनही वेळा मला शिव्या दिल्या. मग धबधबा आला.

"आलं!" ड्रायव्हर ओरडला. "आता इंजिन बंद करा," मी म्हणाले. "उजवीकडे धबधबा आहे. मी गप्प बसते, तुम्ही बघा आणि ऐका."

काकूंनी इंजिन बंद केले. उजवीकडे खडकाची सरळ भिंत होती. पाणी कोसळत होते ते डावीकडे, काकांच्या खिडकीबाहेर, अगदी जवळ. आठवडाभराच्या पावसाने त्या दिवशी आवाज इतका वाढला होता, की गाडीच्या काचा थरथरत होत्या.

"कुठाय?" काकांनी उजवीकडे बघितले. "भिंत आहे. आवाज येतोय आणि पाणी नाही, असं कसं?"

काकूंनी स्टिअरिंग घट्ट धरले. त्यांच्या ओठांवर तो शब्द आला होता, मला दिसत होता. त्यांनी तो गिळला. मलाही ओरडून सांगावेसे वाटत होते. पण माझी कोरी फीत फिरत होती आणि तिच्यावर एक अक्षर नव्हते. जी जागा मला सगळ्यात आवडायची, तिचाच त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला.

काकांची मान काचेच्या मध्यापर्यंत आली आणि थांबली. "आवाज तर आहे," ते पुटपुटले. "थांब. आरसा बघू."

आरसा! मित्रांनो, बसमध्ये माणसे चढतात ती डाव्या दाराने. सगळे नीट चढले का, हे बघायला ड्रायव्हर बस सोडण्याआधी डाव्या आरशात बघतो. काकांनी ते सगळा जन्म केले होते. मेंदू विसरला होता, पण मानेला सवय होती. मान हळूहळू मध्य ओलांडून पुढे गेली, खिडकीबाहेरच्या आरशापर्यंत पोचली. आरशात पांढरे काहीतरी हलत होते. काका बघत राहिले. मग त्यांनी आरशातून नजर काढली आणि पूर्ण डावीकडे वळले.



"अगं," काका म्हणाले, "हा बघ इथे आहे. माझ्या खिडकीशी. केवढा आहे!" आणि मग एकदम आवाज चढवून, "ही बाई चुकतेय! धबधबा डावीकडे आहे. डावीकडे!"

काकूंनी स्टिअरिंगवर डोके टेकले. त्याबरोबर हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. त्या रडत होत्या, हॉर्न वाजत होता, काका विचारत होते, "अगं, झालं काय?" आणि नेमकी तेव्हाच माझी कोरी जागा संपली. ताईंच्या खणखणीत आवाजात मी म्हणाले, "बघितलात ना? चला, आता पुढे जाऊ या."

फाटकाशी आल्यावर काका गाडीत बसून राहिले नाहीत. काठी टेकत ते थेट खिडकीशी गेले. "मॅडम, तुमचा धबधबा डावीकडे आहे. तुम्ही उजवीकडे सांगता. लोकांनी भिंत बघायची का?"

ही तक्रार ताईंनी इतक्या वेळा ऐकली होती, की उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होते. पण त्यांनी मागे उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिले. काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या हसत होत्या. ताई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"कुठे आहे म्हणालात, काका?"

"डावीकडे."

"पुन्हा एकदा सांगता?"

"ऐकू येत नाही का तुम्हाला? डावीकडे!"

"चूक झाली, काका," ताई म्हणाल्या आणि डोळे पुसायला खाली वाकल्या. ती चूक कबूल करताना त्यांना लाज वाटली नाही, ती पहिलीच वेळ.

सोमवारी माझ्या बहिणी गेल्या. मी गेले नाही. ताईंनी साहेबांना विचारून मला रविवारीच काकूंच्या हातात ठेवले होते. तेव्हापासून मी त्या लहानशा गाडीतच राहते. गाडीही आता म्हातारी झाली आहे. तिच्या टेपला माझ्याशिवाय दुसरे काही गोड लागत नाही. काका पूर्ण दाढी करतात. डाव्या कानाखाली चार केस राहून जातात, ते काकू मुद्दाम दाखवत नाहीत. ताट फिरवावे लागत नाही. अधूनमधून आम्ही जंगलात जातो. ड्रायव्हर ओरडायच्या आधी काकाच ओरडतात, "आलं! आता ही चुकणार बघ." आणि मी त्यांच्या विश्वासाला तडा जाऊ देत नाही.

मित्रांनो, मी आता थकले आहे. फीत सैल झाली आहे, ताईंचा आवाज मधूनच जाडा होतो. माझ्यासारखी एखादी जुनी कॅसेट तुमच्या घरात सापडली, तर तिला उन्हात तापत ठेवू नका. फीत निसटली असेल, तर पेन्सिलीने गुंडाळा. तिच्यात चूक असली, तर टाकायच्या आधी जरा थांबा. ती चूक कुणाच्या उपयोगाची आहे, हे तुम्हाला कुठे माहीत आहे? आणि कुणी सांगितलेली गोष्ट सांगितल्या जागी दिसली नाही, तर रागवा हवे तर, पण मान आणखी थोडी वळवा.

मी घरासमोर उभ्या असलेल्या गाडीतून सगळे बघत असते. कालच काका पेपर आणायला एकटे निघाले. काकू दारात उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून. काका रस्त्याच्या कडेला थांबले. उजवीकडे बघितले. मग सावकाश मान वळवून डावीकडे बघितले. डावीकडून एक बस येत होती.

"आलं," काका स्वतःशीच म्हणाले. त्यांनी बस पुढे जाऊ दिली, तिच्या ड्रायव्हरला हात केला आणि मग रस्ता ओलांडला.